चुलीच्या जागी आरसे

अनन्या साडेतीन वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून एक सबंध वाक्य निघत नव्हतं, आणि त्या काळजीनं नंदिताची झोप पार उडाली होती. गच्चीवर पोरांना घेऊन बसले की सुब्बामामा ही गोष्ट इथूनच सुरू करतात. नंदिता त्यांची भाचसून, तेव्हा खोटं मानायची सोय नाही.

घरात सासूबाईंची तंजावरी मराठी, नंदिताची पुण्याची, शाळेत तमिळ, टीव्हीवर इंग्रजी. डॉक्टर म्हणाले, गोंधळलीय, बोलेल. पोर नुसती बोट दाखवायची. चूक आपलीच, हे नंदिता रोज रात्री नव्यानं ठरवायची.

त्यात दुकान. चेन्नईच्या अड्यारमधलं एक जुनं बैठं घर भाड्यानं घेऊन ती तिथं वापरलेल्या रेशमी साड्यांचं उंची दुकान थाटत होती. पांढऱ्या भिंती, पितळी दांडे, मंद दिवे.

"मेलेल्या बायकांची लुगडी अत्तर मारून विकणार ही," सासूबाई शेजारणीला म्हणत. नंदिताला ऐकू जाईल अशा बेतानं.

मागच्या स्वयंपाकघराची तिनं साडी नेसून बघायची खोली केली. तिथं कोपऱ्यात मातीची चूल होती. घराची म्हातारी मालकीण गॅस असूनही शेवटपर्यंत तिच्यावरच रांधायची म्हणे.

"चूल हलवायच्या आधी हळदकुंकू वाहा गे. विचार त्या म्हातारीला," सासूबाईंनी फोनवर बजावलं.

"हो, हो," नंदिता म्हणाली. चूल तोवर फुटून, राडारोड्याच्या टेंपोत बसून गेलीही होती. ते सांगायचं तिच्या जिवावर आलं. चुलीच्या जागी आरसे लागले, तीन बाजूंनी. दाराला जाड पडदा.

उद्घाटन तै या तमिळ महिन्यातल्या अमावास्येला. पितरांचा दिवस, इकडे अगदी शुभ. पुण्याच्या आईला मात्र नंदितानं तारीख सांगितली, तिथी नाही.

आदल्या संध्याकाळी, साडेसातच्या सुमाराला, ती अनन्याला घेऊन उरलेली लेबलं लावायला दुकानात गेली. वाटेत पोरीनं फ्रॉकवर चटणी सांडली, म्हणून उद्याचाच कोरा फ्रॉक तिच्या अंगात चढवला. कोऱ्या कपड्याला हळदीचं बोट लावायचं राहिलं. पण दुकानात कुठली हळद?

लेबलं लावता लावता तिचे डोळे मिटायला लागले. दमलेल्या माणसाला शांतता बरी वाटते. जरा वेळानं तिच्या लक्षात आलं, शांतता फारच आहे.

"अनू?"

मागच्या खोलीचा दिवा लागलेला. पडद्याखाली पोरीची दोन पावलं. हलत नव्हती.

"अनू, चल बाळा."

पडदा आतून किंचित फुगला. जवळून कुणी गेल्यासारखा.

आणि वास आला. भात उकळल्याचा. लाकडाच्या धुराचा.

नंदितानं पडदा सारला.

अनन्या एकटीच होती. तिन्ही आरशांत अनन्या. मान वर करून बघत होती... उभ्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी. मग तिनं मान हलवली. हो म्हणाल्यासारखी.

"कुणाशी... अनू..."

पोर वळली. फ्रॉकचा काठ पुढे केला. काठावर हळदीचं बोट उमटलेलं. ओलं. मोठ्या माणसाचं.

नंदितानं तिला उचललं. दिवे तसेच. कुलूप कसं लागलं, तिला आठवत नाही.

घरी सासूबाईंचं लक्ष आधी फ्रॉककडे गेलं. "बरं जाहलं, आठवणीनं हळद लावलीस. शिकलीस हो!"

नंदिता पोरीला घेऊन आत गेली.

(तो फ्रॉक सुब्बामामांनी हातात घेऊन बघितलाय. कितीदा धुतला, बोट तसंच आहे, पिवळंधमक.)

पोरीला मांडीवर घेऊन नंदितानं हळूच विचारलं. उत्तर येणार नाही, ही सवयच होती. त्या रात्री तर तिला ते नकोच होतं.

"अनू, हे कुणी लावलं गं?"

पोरीनं बोट दाखवलं नाही. आईच्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि जन्मातलं पहिलं सबंध वाक्य बोलली.

"आई, त्या आजी विचारतात, माझी चूल कुठं नेऊन टाकलीस?"