पाच महिने मागं

सातही कोकरांचे पुढचे पाय आत वळलेले. एकालाही उभं राहता येईना.

शालूबाई वाकून एकेक पाय चाचपत होत्या. आटपाडीकडच्या एका वाडीच्या त्या पशुसखी, घरोघरी जनावरांचं औषधपाणी बघणाऱ्या. मेंढरांचं निम्मं ज्ञान पुस्तकातलं, निम्मं लाथा खाऊन आलेलं.

सासू बयाबाईचा निकाल ठरलेला होता. "धाकटी सून दसऱ्याला आली, आन् नोव्हेंबरात ही अशी कोकरं. पायगुण. उद्या सांगलीच्या विश्रामबागला माहेरी धाडतो."

ती सून, समीक्षा, दारातच उभी होती. शालूबाईंनी तिच्याकडं बघायचं टाळलं. बघितलं असतं तर कामात लक्ष लागलं नसतं.

"सगळीच वाकडी जन्मली?" शालूबाईंनी विचारलं.

"न्हाई," सासरा कोंडीबा म्हणाला. "नोव्हेंबरच्या पयल्या आठवड्यातली ही सात. महिनाअखेरची अकरा धड हायत."

"जंताचं औषध कवा पाजलं?"

"बावीस जूनला. मीच."

"आन् मेंढा कवा सोडला?"

"मेंढ्या अवेळी फळू नयेत म्हणून त्याच्या पोटाला फडकं बांधतो आमी. ते पंचवीसला सोडलं."

"मेंढा कोण बघतं?"

"थोरला. दादासो."

दादासो बाजेवर मोबाइल चाळत होता. "बा सांगतोय तेच," तो मान वर न करता म्हणाला.

शालूबाईंनी बोटांवर पाच महिने मागं मोजले. मग पुन्हा एकदा.

"आवं बयाबाई, मेंढी पाच महिने गाभण असती. कोकराचे पाय पयल्या महिन्यातच घडत्यात. म्हंजे जूनात. तवा तुमची सून सांगलीत परीक्षा देत हुती."

बयाबाईनं दाराकडं बघितलं.

"त्याच महिन्यात जंताचं औषध गर्भाला बाधतं. बाटलीवर छापलंय तसं. कोंडीबांनी मेंढ्या रिकाम्या समजून पाजलं. पण फडकं पंचवीस जूनला सुटलं, तर कोकरं नोव्हेंबरअखेरीला यायची. ही सात तीन आठवडे आधी कशी? जूनच्या सुरवातीला चार दिवस कुणीतरी फडकं सोडून पुन्हा बांधलं. दादासो, मेंढ्याला दुसरं कोण हात लावतं?"

मोबाइल थांबला.

"जत्रेत समद्यांपेक्षा मोठी कोकरं दाखवायची हुती, म्हणून लवकर हवी हुती," दादासो पुटपुटला. "बा औषध पाजणार, मला ठावं नव्हतं."

"तवा नव्हतं. पण महिनाभर पोरीचं नाव निघत हुतं, तवा?"

कोंडीबानं एक कोकरू मांडीवर घेतलं.

"राहा गं पोरी," बयाबाई हळूच म्हणाली.

"जाणार, आत्या," समीक्षा म्हणाली. "वाडीभर फिरून भावजींनी हे स्वतः सांगितलं, की मग न्यायला या."