तिसरी अंजनी

सड्यावरची अंजनी आणि खालच्या रानातली अंजनी नुसत्या डोळ्यांनी वेगळी ओळखणारी माणसं दोनच आहेत, असं डॉ. मृणाल तिरोडकर छातीठोकपणे सांगायच्या. दुसरं कोण असं विचारलं, की हसून विषय बदलायच्या. दोन्ही झुडपं बारमाही हिरवी, दोघींची पानं जाड, दोघींची फुलं निळी. रानातली अंजनी कोकणात पैशाला पासरी. सड्यावरची मात्र डोंगरमाथ्यावरच्या या एका उघड्या कातळावरच उगवायची, आणि नेमका तोच कातळ अग्निबाणांच्या नव्या तळासाठी हवा होता.

मृणालताईंची त्याला हरकत नव्हती. सड्यावरच्या फांद्या आणून त्यांनी सड्याच्या पायथ्याशी काचघरात रोपांच्या रांगा वाढवल्या होत्या, अगदी डोळ्यांत तेल घालून. सडा गेला तरी प्रजाती जगेल, असं त्यांनी सरकारला सांगून टाकलं होतं. आता राहिली होती फक्त एक चाचणी. ती घ्यायला डॉ. इक्बाल परकार आपला गंधवाचक घेऊन काचघरात आले होते.

"एकदा नीट समजावून सांगा हो, परकारसाहेब," ताई म्हणाल्या. "उद्या पत्रकार मलाच विचारणार."

"सोपं आहे. अळीनं पान कुरतडलं, की झुडूप एक वास सोडतं. आपल्या नाकाला तो कळत नाही, या यंत्राला कळतो. शेजारचं झुडूप त्या वासानं सावध होतं, पानात कडूपणा भरतं आणि तोच वास पुढे सोडतं. ही त्यांची हाक. जिला हाक कळते, ती त्याच प्रजातीची."

"आणि जनुकं?"

"तुमच्या दोन अंजनींची जनुकं इतकी सारखी, की त्यावरून भांडण मिटेना. म्हणून तर हाकेची कसोटी आली. तीही तुमच्याच हट्टानं."

ते खरंच होतं. रानातली अंजनी सड्यावरच्या हाकेला ढिम्म राहते, हे ताईंनीच सिद्ध केलं होतं.

सड्यावरून आणलेलं एक झुडूप रांगेच्या मधोमध ठेवलं होतं. परकारांनी त्याच्या पानावर अळी सोडली. थोड्या वेळानं यंत्राच्या पडद्यावर त्या झुडपाची रेघ चढली. रोपांच्या रेघा मात्र होत्या तशाच आडव्या राहिल्या.

"यंत्र तपासा," ताई म्हणाल्या.

परकारांनी यंत्र तपासलं. मग तेच झुडूप, तेच यंत्र घेऊन दोघं सड्यावर चढले. तिथे अळीनं पानाला तोंड लावलं आणि सगळ्या सड्यानं उत्तर दिलं. खाली काचघरात परतल्यावर पुन्हा सामसूम.

"मुक्या आहेत की काय माझ्या पोरी?" ताईंचा आवाज चढला होता.

"बघू या. तुम्ही रोजच्यासारखं काम करा. मी बाहेर थांबतो."

रोजचं काम म्हणजे छाटणी. कात्रीला आणि हातांना स्पिरिट चोळल्याशिवाय ताई पानाला हात लावत नसत. काचघरात जंतू शिरता कामा नये, हा त्यांचाच नियम. त्यांनी स्पिरिट चोळलं, कात्री उचलली आणि पहिल्या रोपाकडे वळल्या.

"थांबा! पान कापलंत?" परकार बाहेरून ओरडले.

"अजून हातही लावला नाही."

पडद्यावर पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकेक रेघ चढत गेली होती. हाक सड्यावरच्या हाकेहून निराळी होती. रेघा खाली आल्यावर परकार हाताला स्पिरिट न चोळता आत गेले. काहीच झालं नाही. मग त्यांनी हातांना स्पिरिट लावलं, आणि रेघा पुन्हा चढल्या.

"स्पिरिट लावून इथे आणखी कोण येतं, ताई?"

"माझ्याशिवाय कुणीच नाही," म्हणत ताई स्टुलावर बसल्या. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला, स्वतःचाच.

परकार हळू आवाजात म्हणाले, "इथे अळी कधी आलीच नाही. तिच्यासाठी हाक घालायला या कुठून शिकणार? आली ती कात्री, आणि तिच्याआधी हा वास. त्यावर यांनी आपली हाक घडवली. तुमच्या कसोटीनं ही तिसरी प्रजाती झाली." त्यांनी यंत्र बंद केलं. "निकाल अजून कुणाला ठाऊक नाही. चाचणी पुढे ढकलायची का?"

ताईंनी तळाच्या संचालकांना फोन लावला.

"सड्याला हात लावता येणार नाही. ती प्रजाती फक्त तिथेच आहे. मी चुकले होते."

पलीकडून बराच आरडाओरडा झाला. मग संचालकांनी विचारलं, की काचघर हलवून तळ पायथ्याला आणला तर?

"तेही नाही. काचघरातली प्रजाती जगात फक्त काचघरातच आहे. दुर्मीळ प्रजातीच्या जागेला हात लावायचा नाही, हा कायदा तिलाही लागू."

फोन ठेवून ताई उठल्या.

"दुर्मीळ प्रजातीच्या शत्रूला संरक्षित जागेत पाऊल टाकता येत नाही ना, परकारसाहेब?"

"कायदा तसा आहे. पण ताई, तुमच्या बाबतीत कोण..."

ताईंनी कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि दाराबाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"पाणी सकाळी घाला, ऊन चढायच्या आत," त्या म्हणाल्या. "आणि हाताला काही लावू नका."