इरजची गाठ

नवरोज जवळ आला म्हणून फरंगीसने दोन ताटल्यांत गहू रुजत घातले. एक ताटली नेहमीसारखी खिडकीत. दुसरी तांब्याच्या दोन उभ्या पत्र्यांमध्ये. पत्र्यांना शाळेतल्या वीजयंत्राच्या तारा. इराणातल्या तफ्त गावच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. विजेच्या दाबात अंकुर जोमाने वाढतात का, ते मुलींना दाखवायचं होतं.

"अगं, सणाच्या गव्हाला करंट देतेस?" सासू खावर म्हणाली. "उद्या ताटलीतून उठून नाचायला लागेल तो!"

"नाचू दे, आई. तुम्ही फक्त पत्र्यांना हात लावू नका."

पत्र्यांमधला गहू खरोखरच दुसऱ्याच्या वर गेला. जवळ हात नेला की हातावरची लव उभी राही. त्याचं कारण फरंगीसला ठाऊक होतं.

सणाच्या सकाळी त्या ताटलीतली सगळी पाती जोडीजोडीने गाठलेली होती.

अशा गाठी लग्नाळू मुली मारतात, नवरोजच्या तेराव्या दिवशी, अंकुर ओढ्यात सोडण्याआधी. फरंगीसचा चेहरा उतरला. तेराव्याला ती गावातल्या कामबीजला दुसऱ्या लग्नाचा होकार देणार होती. सासूला अजून सांगितलं नव्हतं.

"टोमणा मारायचाय तर तोंडाने मारा ना, आई!"

खावरने संधिवाताने वाकडी झालेली बोटं पुढे केली. "यांनी? मला सदऱ्याचं बटण लागत नाही, पोरी." मग ती ताटलीवर वाकून गाठी निरखू लागली.

"दोन वेढे, शेपूट आत. ही आपल्या इरजची गाठ."

इरज फरंगीसचा नवरा. विजेच्या मनोऱ्यांवर कामाला होता. कमरेचा दोर असाच बांधायचा. ओढाल तेवढी आवळते, म्हणायचा. मनोऱ्यावरच विजेच्या धक्क्याने गेला; गाठ सुटेना, दोर कापून खाली उतरवावा लागला.

फरंगीसने तारा उपटल्या, पत्रे गच्चीवर नेऊन टाकले. ताटली मात्र खावरने टाकू दिली नाही. तेराव्याआधी अंकुर टाकायचे नसतात.

तेराव्याला सारं गाव ओढ्याकाठी जमलं. कबाबांचा धूर, पोरांचा दंगा. फरंगीसने अंकुर पाण्यात सोडले. गाठींसकट ते वळणाआड गेले, तेव्हा कुठे तिला मोकळं वाटलं.

"आता तरी हो म्हण," कामबीज हसला. "का ओढ्यालाच विचारू?"

ती बोलणार, तोच हातावरची लव उभी राहिली.

आसपास तार नव्हती. खांब नव्हता.

गळ्याशी काच बसला. सकाळी डोक्याच्या रुमालाला तिने साधी गाठ मारली होती. सैल करायला तिने हनुवटीखाली बोटं नेली.

दोन वेढे. शेपूट आत.

"फरंगीस?"

तिने ओढलं.