गंगारामसरांची मूळ संख्या

बारामतीत समिना मुजावर खासगी तपासाची कामे घ्यायची. तिच्या ऑफिसात शालनबाई आल्या तेव्हा त्यांना धड बसवतही नव्हते. नवरा, कॉलेजात गणित शिकवणारे गंगाराम लोंढे, कालपासून बेपत्ता होते.

"सकाळी ह्यांचा फोन आला. पुण्यात हाय, पोलिसांत जाऊ नको म्हणाले. पण मागं भवानीनगरच्या कारखान्याचा भोंगा वाजत हुता. माझं माहेर हाय तितं. मला कळत न्हाय व्हय?"

"आणखी काही?"

"माझी मूळ संख्या सापडली, लिहून घे, म्हणाले." त्यांनी तळहात उघडला. पेनाने लिहिलेला आकडा घामाने पुसट झाला होता: २१४७४८३६४३.

"मूळ म्हणजे?" समिनाचा भाऊ आणि मदतनीस अल्ताफने विचारले.

"एक आणि ती स्वतः, एवढ्यानेच जिला भाग जातो ती," समिना म्हणाली.

शालनबाईंनी पुढे सांगितले: गेल्या आठवड्यात कळंबच्या रस्त्यावर ठमाबाई नावाच्या बाईला जीपने चिरडले, तो ड्रायव्हर सरांनी ओळखला होता. नाव मात्र ते सोमवारी पोलिसांनाच सांगणार होते; त्याआधी त्या ड्रायव्हरनेच त्यांना डांबले असणार. भवानीनगरात घर आणि जीप असलेले सरांच्या ओळखीचे दोघेच: त्यांच्याच कॉलेजातले गणिताचे आबाजी ढवळे आणि शालनबाईंचा धाकटा भाऊ समाधान.

"समाधान न्हाय," शालनबाई झटकन म्हणाल्या. आपण एवढ्या घाईने का बोललो, हे त्यांचे त्यांनाच कळेना.

दुपारी समिनाने दोघांना लोंढ्यांच्या घरी बोलावले. ढवळ्यांची आणि सरांची वर्षभर बोलचाल नव्हती. आकडा पाहून ढवळे उसळले.

"लोंढे याला मूळ म्हणाला? अंकांची बेरीज बेचाळीस. तीनने भाग जातो! शेवटच्या तीनऐवजी सात हवा. झोपेतही चुकायचा नाही तो."

"सकाळी कुठे होतात?"

"घरी. एकटाच."

समाधान नंतर आला. त्याने बहिणीच्या तळहातावरचा आकडा पाहिला. "मी मार्केट यार्डात हुतो. अक्का, दाजींनी केवढा नंबर हुडकलाय! पेपरात येईल बघ."

"ढवळेच," अल्ताफ कुजबुजला. "वैर आहे, साक्षीदार नाही."

"नाही," समिना मोठ्याने म्हणाली. "सर फोनवर बोलत होते तेव्हा त्यांना धरून ठेवणारा शेजारीच उभा असणार. म्हणून त्यांनी मुद्दाम खोटी संख्या सांगितली. हा सगळा फोनच खोटा, हे कळावं म्हणून. ढवळेसरांनी ती चूक क्षणात पकडली. ते शेजारी असते, तर फोन तिथंच तोडला असता. निदान आत्ता गप्प तरी बसले असते. शेजारी होता तो गणित न जाणणारा. त्याला ती संख्या खरी वाटली. अजूनही वाटतेय."

समाधान उठला. शालनबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. लहानपणी ज्याला कडेवर घेऊन फिरवले, त्याच्या डोळ्यांकडे बघवत नव्हते.

"समाधान, जित्ते हायेत का रं?"

तो पुन्हा खाली बसला.

"हायेत."

"किल्ली दे."

भवानीनगरातल्या बंद खोलीत गंगाराम भिंतीला टेकून पडले होते. ओठ फुटले होते. शालनबाईंनी पाणी पाजले.

"समाधान?" सरांनी विचारले.

"पोलिसांनी नेला."

"स्वतःहून जाऊन सांग म्हणालो होतो त्याला. तुझा भाऊ, म्हणून सोमवारपर्यंत थांबणार होतो."

शालनबाईंनी मान हलवली आणि पहिल्यांदाच मोकळेपणाने रडल्या.