सरांनी शेवटपर्यंत बसायचं

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. मी स्वतः तिथे होते.

गेल्या दिवाळीनंतरचा शनिवार. भरदुपार. नगर जिल्ह्यातल्या एका विद्यापीठाचं ग्रंथालय. नाव सांगणार नाही, मला अजून तिथंच नोकरी करायची आहे.

मी सविता. फिल्म मागवणं आणि त्या दाखवायची परवानगी काढणं हे माझं काम. लोकांना वाटतं, प्रत कपाटात आली की लावा पडद्यावर. तसं नसतं हो. चार लोकांत दाखवायची तर जिनं फिल्म काढली तिला विचारावं लागतं. ती हयात नसेल तर तिच्या वारसाला.

इथूनच सगळं सुरू झालं.

एंजेला आमची विद्यार्थिनी. कोल्हारची. काष्टीच्या बाजारात शेळ्या विकणाऱ्या बायकांवर तिनं एकटीनं फिल्म काढली. कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारणारा आवाजही तिचाच. तिच्या विभागाचे प्रमुख रामहरी सर. त्यांनी तिचा आवाज कापला, स्वतःचं निवेदन घातलं आणि वर नावही स्वतःचं लावलं. पोरगी सगळ्यांचे उंबरे झिजवत भांडली. कुणी दाद दिली नाही. त्याच धावपळीत तिची स्कूटी टेम्पोखाली आली.

गेली बिचारी.

वर्ष उलटलं. सरांनी ती फिल्म विद्यापीठाच्या महोत्सवात, आमच्या ग्रंथालयाच्या हॉलमध्ये दाखवायची ठरवली.

"अहो बाई, फिल्म माझी आहे. परवानगी कसली काढताय?"

"मूळ फिल्मची नोंद तिच्या नावानं आहे सर. तिच्या आईला विचारल्याशिवाय मी लावणार नाही."

माझंही डोकं सरकलं होतं.

"विचारा मग! म्हातारी कशी नाही म्हणते बघू."

मी कोल्हारला फोन लावला. तिची आई, दयाबाई, सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "मी कोन व्हय म्हननारी? फिलम तिची हाय. तिला इचारते."

मला वाटलं, दुःखानं बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला.

"ती म्हनली, दाखवा. पन एक अट हाय... सरांनी शेवटपर्यंत बसायचं. मदी उठायचं न्हाई."

सरांना सांगितलं तर ते हसले. "बसतो की! पहिल्या रांगेत बसतो."

शनिवारी हॉल गच्च भरला. पडदे ओढले. मी फिल्म सुरू केली.

बाजार दिसायला लागला. शेळ्या तोंड उघडत होत्या...

पण आवाज नव्हता.

मी वायरी हलवून पाहिल्या. सगळं ठीक होतं. एव्हाना सरांचं निवेदन सुरू व्हायला हवं होतं. तेही नाही.

आणि मग...

"मावशी, ही शेळी कुणाची?"

तो एंजेलाचा आवाज होता. मी लावलेल्या सरांच्या प्रतीत तो नव्हताच!

पडद्यावरची बाई म्हणाली, "माझी. म्या वाढवलीया."

"आणि दुसऱ्यानं नेली तर?"

बाई हळूहळू वळली... आणि पहिल्या रांगेकडे बघायला लागली. मग तिच्या शेजारची वळली. मग सगळा बाजार.

"सर, ही फिल्म कुणाची?"

सर ताडकन उठले. "बंद करा! बाई, बंद करा ते!"

मी बटण दाबलं. परत दाबलं. फिल्म चालूच.

"सर, बसा!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. "अट आहे!"

कसलं काय. ते दाराकडे पळाले. दार उघडंच होतं. बाहेर लख्ख ऊन. त्यांनी पाय बाहेर टाकला आणि पडदा काळा झाला.

आम्ही मागोमाग धावलो. सर व्हरांड्यात उभे होते. गळ्याच्या शिरा ताणून काहीतरी ओरडत होते...

आवाज नव्हता.

आजही नाही. नगरचे डॉक्टर झाले, पुण्याचे झाले. घशात काही दोष नाही म्हणतात.

ती प्रत मी नंतर एकदाच लावून पाहिली. सगळे प्रश्न एंजेलाच विचारते आता. आणि अगदी शेवटी, कुठूनतरी लांबून, एक पुरुष विनवतो... "बंद करा... बाई, बंद करा..."

मागच्या आठवड्यात सर माझ्या टेबलापाशी आले. हात जोडले आणि फोनकडे बोट दाखवलं. मला कळलं. मी दयाबाईला फोन लावला. सरांचा आवाज परत द्यायला सांगा म्हटलं.

"थांबा. इचारते."

फोनवर नुसता कुणाचा तरी श्वास...

"न्हाई म्हनली ती."

मी फोन ठेवला आणि मान हलवली. सर तिथंच उभ्या उभ्या रडायला लागले. हुंदक्यालासुद्धा आवाज नव्हता.

मला कीव यायला हवी होती. आली नाही. उलट आतून फार बरं वाटलं.

ते बरं मला वाटलं, की माझ्या आतून एंजेलाला... हे मला अजून कळलेलं नाही.