ताकुवाच्या पलंगाखालची पट्टी

ताकुवा दुपारी विहिरीवर पाणी भरायला गेली होती. डबा डोक्यावर चढवून ती वळली, तोच केळीच्या बागेपलीकडून, दिराच्या अंगणातून एंबायरे वाजायला लागलं. स्वर घुमावा म्हणून अंगणात खणलेला खड्डा, त्यावर केळीचे दोन सोट, सोटांवर आडव्या लाकडी पट्ट्या आणि दोन्ही बाजूंनी बसून काठ्या मारणारे वादक. गावातली लग्नं याच खड्ड्यावर वाजत, आणि आज म्हाताऱ्या इगागाच्या नातीचं लग्न होतं.

वाजवा मेल्यांनो, असं ताकुवा मनात म्हणाली. हा ताफा तिच्या नवऱ्याचा, बालिदावाचा. बाजरीची पेरणी झाली आणि तो नाहीसा झाला. ताफा हाती घेतलेला धाकटा दीर किरुंडा गावभर सांगत सुटला की तो जिंजा शहरात एका बाईकडे राहतोय. तेव्हापासून ताकुवाला बघून बायका तोंड फिरवून हसत.

अचानक ती थांबली. लहान पट्ट्यांच्या खडखडाटाखालून एक जाड स्वर तळपायात शिरत होता. तो मोठ्या पट्टीचा होता. बालिदावाने ती पट्टी स्वतः तासली होती, आणि त्याचा खोकला ओळखावा तसा तिचा स्वर ताकुवाला ओळखता यायचा. आज तो घुसमटलेला होता. पण ती पट्टी तर तो गेल्यापासून ताकुवाच्या पलंगाखाली पडून होती.

ती घरी धावली आणि पलंगाखाली वाकली. पट्टी जागेवरच होती. हात ठेवला तर थरथरत होती, आणि तिला ओल्या मातीचा वास येत होता.

ताकुवा घाबरली, पण तिचा संताप भीतीपेक्षा मोठा होता. पट्टी डोक्यावर घेऊन ती थेट दिराच्या अंगणात शिरली. वाजवणारे थांबले.

"वहिनी, लग्नघर आहे. आज तमाशा नको," किरुंडा म्हणाला.

"तमाशा कसला? पट्टी आणलीय. इतक्या महिन्यांत एकदाही मागितली नाहीस."

"वाजवणारा पळाला ना बाईच्या मागे. कुणासाठी मागू?"

लोक हसले. ताकुवाने सोटांवर पट्टी टाकली, एकाच्या हातातली काठी हिसकावून घेतली आणि मारली. भरलेल्या पोत्यावर मारावी तसा आवाज आला. मघाशी विहिरीवर ऐकला, तोच.

"पावसात भिजलीय," किरुंडा घाईने म्हणाला.

इगागा पुढे आला. हा खड्डा त्याने बालिदावाच्या बापाबरोबर खणला होता. "भिजली असेल तर कुठेही अशीच बोलेल," तो हळूच म्हणाला. "मागे घेऊन चला रे."

घरामागे दारूसाठी केळी पिकवायचा खड्डा रिकामा होता. त्यावर पट्टी ठेवून इगागाने काठी मारली. पट्टी अशी घुमली की कोंबड्या उधळल्या. आता कुणी हसत नव्हतं.

"पट्टी ठणठणीत आहे," इगागा म्हणाला. "खड्डा उथळ झालाय, पोरी. आम्ही कमरेइतका खणला होता…"

"पाचोळा साचला असेल… दुसरं काय…" किरुंडा मागे मागे सरकत होता.

"महिनोन् महिने मला नवऱ्याने टाकलेली म्हणालात," ताकुवा म्हणाली. "आता खणा. नाहीतर मी नखांनी खणते."

कुंपणाशी पोचलेल्या किरुंडाला दोघांनी धरून बसवलं. बाकीच्यांनी कुदळी घेतल्या. केळीच्या पानांखाली चोपून बसवलेली माती होती, आणि मातीखाली ताकुवाने सगळ्यात आधी बालिदावाचा चौकड्यांचा सदरा ओळखला. ती रडली नाही.

"त्याच्या छातीवर लग्नं वाजवलीत तुम्ही," ती म्हणाली. "नाचलात, दारू प्यायलात. एवढे वाजवणारे तुम्ही, एकाच्याही कानाला कळलं नाही?"

इगागाने खाली उतरून प्रेताची मूठ सोडवली. मुठीत बालिदावाची वाजवायची काठी होती.

ती बघताच किरुंडा पांढराफटक पडला. "ती… ती मी पुरली नव्हती," तो पुटपुटला. "चुलीत घातली होती… माझ्या डोळ्यांदेखत जळली…"

इगागाने काठी उजेडात धरली. मातीने ती काळी पडली होती. टोक मात्र आत्ताच ठोकून पिंजल्यासारखं पांढरं होतं, आणि त्या धाग्यांत मोठ्या पट्टीच्या लाल लाकडाचा ताजा भुसा अडकला होता.