समोरच्या खिडकीची जांभई

अख्ख्या प्रताप नगरात मधुसूदनची जांभई बदनाम होती. लग्न असो की सोसायटीची मीटिंग, पुढं बसून तो अशी घसघशीत जांभई द्यायचा की रांगच्या रांग जबडे फाडायची. अन् हा साधूसारखा गप्प.

त्याचं रोजचं गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या इमारतीतले अनंतराव. हा गॅलरीतून जांभई सोडायचा, ते आपल्या खिडकीत झेलायचे अन् तोंडापुढं खणखणीत चुटकी वाजवायचे. दिवाळीत अनंतराव वारले. फ्लॅटला कुलूप लागलं.

संक्रांतीला नात झाली, खुशी. पाच महिन्यांची होईस्तोवर मधुसूदन तिच्यापुढं जांभया देऊन थकला. पोरगी नुसती टकामका पाहायची.

"काहून मेहनत करून राहिले बाबा?" सून मुग्धा हसली. डॉक्टर होती ती. "दुसऱ्याची जांभई लागायले लेकरू चार-पाच वर्षांचं व्हावं लागते. मोठ्यायले तरी काहून लागते, ते पक्कं कोणालेच माहीत नाही."

"तिची तिले आली तर चुटकी आपणच वाजवायची," बायको प्रेमलता सैपाकघरातून बोलली. "नाहीतर उघड्या तोंडात बाहेरचं शिरते."

मग मधुसूदनच्या ध्यानात आलं. दुपारी पाळण्यात खुशी मान वळवून समोरच्या बंद खिडकीकडं पाहायची. जरा थांबायची. मग जांभई. तो चटकन चुटकी वाजवायचा. त्यानं पाळणा फिरवला, तर तिनं मान फिरवली.

त्यानंही खिडकीकडं पाहिलं. काचेवर धूळ, मागं काळोख. अन् त्याचा जबडा आपोआप उघडला. जन्मात कोणाची जांभई त्याले लागली नव्हती.

गप्प बसेल तो मधुसूदन कसला. गॅलरीत जाऊन त्यानं आ वासून जांभई सोडली.

"घ्या अनंतराव. तिथं एकटे काय करता? इकडंच या."

तिकडं काही हाललं नाही. त्याले हसू आलं, पण अर्धंच.

दुसऱ्या दुपारी प्रेमलता बाजारात, मुग्धा दवाखान्यात. खुशीनं खिडकीकडं पाहिलंच नाही. मधुसूदनले हायसं वाटलं.

ती त्याच्या खांद्यामागं पाहत होती.

"काय पाहून राहिली वं?"

मागं वळायची त्याची हिंमत होईना.

खुशी जरा थांबली. इवलंसं तोंड उघडलं.

त्यानं झटकन हात पुढं केला.

चुटकी वाजली. कानाजवळ, खणखणीत.

खुशीनं तोंड मिटलं.

मधुसूदनची बोटं अजून एकमेकांना लागलीही नव्हती.